वटसावित्रीचे व्रत आणि विधवेचा दोष

ज्येष्ठ महिन्याच्या पौर्णिमेस आपल्या गावोगावच्या हिंदु भगिनी उपास करितात, वडाच्या झाडाला सूत गुंडाळितात व आपल्या पतीला दीर्घायुष्य मिळावे अशी प्रार्थना करितात. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेवरील चौसाळ्यात आणि बालाघाटाच्या डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांवर हा दिवस उगवला, म्हणजे आपल्या मंडळीतील स्त्रियांस शेजारणींकडून एक प्रश्न ऐकावा लागतो: "तुम्हांला आपल्या धन्याची काळजी नाही काय? वर्षातून एक उपास करायला तुमचा धर्म आडवा येतो काय?" ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे पुष्कळ बायांस सुचत नाही. उपदेशकबंधूंपैकी कोणी ह्या व्रताची थट्टा करून मोकळे होतात, तर कोणी मुकाट्याने पुढे जातात. थट्टेने शेजारणीचे मन दुखावते, आणि मुकाट्याने राहिल्यास आपल्या भगिनीच्या मनातील शंका तशीच राहते. म्हणून हे व्रत कसे पाळितात, का पाळितात, आणि त्यातून कोणता नैतिक प्रश्न उभा राहतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम व्रताची रीत पाहू. कोणी स्त्रिया त्रयोदशीपासून तीन दिवस उपास करितात. परंतु हल्ली बहुतेक जणी पौर्णिमेचा एकच दिवस धरितात. सकाळी स्नान करून, लुगडे किंवा ठेवणीतले पातळ नेसून, हातात बांगड्या भरून त्या वडाखाली जमतात. वडाच्या बुंध्याला हळदकुंकू वाहतात, पाणी घालितात व सुताचा दोरा गुंडाळीत फेऱ्या घालितात. आंबा, फणस, केळे अशा त्या दिवसांतील फळांचे वाण देतात, गव्हाने एकमेकींची ओटी भरितात, आणि हाच पती सात जन्म लाभो असे मागतात. जेथे वड जवळ नाही तेथे बाजारातून फांदी आणून घरीच पूजितात. झाड मानावयाचे आणि त्याच्याच फांद्या तोडावयाच्या, ह्या विसंगतीबद्दल हिंदु समाजातीलच विचारी माणसे अलीकडे वारंवार बोलतात. उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी हेच व्रत ज्येष्ठाच्या अमावास्येस होते. आपल्या महाराष्ट्रात ते पौर्णिमेस होते. भाद्रपदातील हरतालिकेचा उपास याच जातीचा असून तो कुमारिकाही चांगला पती मिळावा म्हणून करितात.

ह्या व्रताच्या मुळाशी असलेली कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. पांडव वनवासात असता मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती ह्याने संततीसाठी अनेक वर्षे व्रत केले, तेव्हा त्याला कन्या झाली; तीच सावित्री. तिने आपला वर स्वतः निवडिला. तो सत्यवान, राज्य गमावून वनात राहणाऱ्या द्युमत्सेन नावाच्या आंधळ्या राजाचा पुत्र. एका वर्षाने सत्यवानास मृत्यू येईल असे नारदाने सांगितले, तरी तिने निवड बदलली नाही. तो दिवस जवळ आला तेव्हा तिने तीन रात्रींचे कडक व्रत केले व ती पतीबरोबर रानात गेली. यम सत्यवानाचा प्राण घेऊन निघाला, तेव्हा ती त्याच्या मागोमाग चालू लागली आणि धर्माविषयी त्याच्याशी बोलत राहिली. तिच्या बोलण्याने संतुष्ट होऊन यम वर देत गेला. तिने प्रथम सासऱ्यासाठी दृष्टी व राज्य मागितले, मग आपल्या बापासाठी पुत्र मागितले, आणि शेवटी स्वतःसाठी पुत्र मागून यमास आपल्याच शब्दात असे बांधून घेतले की त्याला सत्यवान सोडावा लागला.

वाचकहो, ही कथा हलकी नव्हे. हिच्यातील स्त्री मुकी नाही, भित्री नाही. ती विचार करिते, निवड करिते, मृत्यूपुढेही आपली वाचा गमावीत नाही, आणि मागताना आधी दुसऱ्यांसाठी मागते. उपास तिने केला हे खरे, परंतु यमाला तिने जिंकिले ते आपल्या शहाणपणाने व निष्ठेने. आम्ही ख्रिस्ती आहो म्हणून ह्या गुणांकडे पाठ फिरवावी, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. रूथ नावाच्या परक्या देशच्या सुनेने विधवा सासूला सोडिले नाही, तिची निष्ठा ज्यांस मानवते, त्यांस सावित्रीची निष्ठाही समजली पाहिजे.

आता हे व्रत का पाळितात, ते पाहू. केवळ रूढी म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पुरे नाही. आपल्या जिल्ह्यातील संसार कसा चालतो, ते पाहा. दसरादिवाळी झाली की हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल मिळते ती त्या जोडीच्या बळावर. दोघे ऊस तोडितात, मोळ्या बांधितात, आणि मोळी डोक्यावर घेऊन बाईच गाडीपर्यंत जाते. हंगाम संपून माणसे गावी परततात, मृगाची वाट पाहू लागतात, आणि त्याच सुमारास वटपौर्णिमा येते. आता सांगा, ज्या बाईचा पती गेला, तिचा कोयता निम्मा झाला. निम्म्या कोयत्याला उचल कोण देतो? जमीन दिराच्या ताब्यात, लेकरे लहान, डोक्यावर मेलेल्याचे कर्ज. मराठवाड्यात नापिकीने व कर्जाने गांजून कित्येक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला, आणि त्यांच्यामागे राहिलेल्या स्त्रिया आपण सर्व जाणतो. वडाखाली उभी असलेली बाई पतीवरील प्रेमाने मागते, तशीच ती ह्या भयानेही मागते. तिचे भय खोटे नाही. म्हणून तिला हसणारा मनुष्य, तो कोणत्याही धर्माचा असो, निर्दय आहे असे आम्ही म्हणू.

येथपर्यंत आम्ही व्रताच्या बाजूने बोललो. आता प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न असा: एका माणसाचे आयुष्य दुसऱ्याच्या पुण्याईवर टांगता येते काय? आणि तसे टांगिले, तर तो धागा तुटल्यावर दोष कोणाच्या माथी बसतो?

विचार करा. पत्नीच्या उपासाने पती जगतो असे एकदा मानिले, म्हणजे पती मेला तेव्हा तिचा उपास कोठे तरी उणा पडला, असे मानणे ओघानेच येते. तसे व्रतात कोठे सांगितलेले नसेल, वडाखालच्या बायांच्या मनातही तसे काही नसेल. परंतु हिशोबाची वही एका बाजूने उघडिली की दुसरी बाजू आपोआप लिहिली जाते. जमेला जिचे पुण्य, खर्चाला तिचाच दोष. आणि आपल्या भाषेत ह्या दोषाची नावे किती आहेत! नवी सून घरात आली आणि कोणी दगावले, तर ती 'पांढऱ्या पायाची' ठरते. तरुण मुलगा अपघाताने गेला, तर त्याच्या बायकोने 'नवऱ्याला खाल्ले' असे म्हणतात. मोटारीने धडक दिली सडकेवर, दारूने यकृत जाळिले वर्षानुवर्षे, सर्पदंशावर औषध वेळेत मिळाले नाही. कारण डोळ्यांपुढे असते, तरी बोट उठते ते त्या बाईकडे. मग ज्येष्ठी पौर्णिमेच्या दिवशी ती घरात बसते. गेल्या वर्षी जिने सर्वांबरोबर सूत गुंडाळिले, तिची ओटी ह्या वर्षी कोणी भरीत नाही. तिचा उपास कमी होता काय? शेजारणीइतकाच होता. कदाचित अधिकही असेल.

कोणी म्हणेल, "हा व्रताचा दोष नव्हे, माणसांच्या जिभेचा दोष आहे." ह्यात काही अंशी तथ्य आहे. प्रार्थना आणि हमी ह्यांत भेद आहे. आपल्या प्रिय माणसाने जगावे म्हणून देवाकडे हात पसरणे ही प्रार्थना. ती सर्व धर्मांतील माणसे करितात व करावी. परंतु अमुक केले म्हणजे अमुक मिळालेच पाहिजे, ही हमी. आणि हमीचा विषय आला की न मिळाल्याचा जाब विचारला जातो. ज्या चालीत सुवासिनीला सन्मान आणि विधवेला कोपरा ठरलेला आहे, ती चाल प्रार्थनेपाशी थांबलेली नाही. ती जाब विचारू लागली आहे.

दुसरी गोष्ट अशी की, हे व्रत एकाच बाजूचे आहे. पतीसाठी पत्नी उपाशी राहते; पत्नीसाठी कोण? त्याच महाभारताच्या आदिपर्वात रुरू नावाच्या तरुणाची कथा आहे. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मेली, तेव्हा त्याने आपले अर्धे आयुष्य तिला देऊन तिला उठविले. सावित्रीइतकीच ती कथा सुंदर आहे. परंतु रुरूच्या नावाने पुरुषांनी उपास करावा असा सण आम्ही कोठे पाहिला नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ येथे काही पुरुष वटपौर्णिमेस पत्नीसाठी वडाला फेऱ्या घालितात, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात खऱ्या. पण ती बातमी होते हेच सांगते की ती गोष्ट किती विरळ आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहून स्त्रीला एक माप व पुरुषाला दुसरे माप का, असा प्रश्न उघडपणे विचारिला. त्या प्रश्नाला समाजाने अद्याप पुरे उत्तर दिलेले नाही.

हा केवळ मानपानाचा प्रश्न असता तर आम्ही इतके लिहिले नसते. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात तो जिवाचा प्रश्न आहे. २०१९ साली राज्यशासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ह्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पोटाचे दुखणे अंगावर काढावे, खाडा पडला तर मुकादमाचे पैसे फिटावयाचे नाहीत, म्हणून एकदाची पिशवीच काढून टाकावी, असे त्या दुःखाचे स्वरूप पुष्कळ जणींच्या बाबतीत होते. ह्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली केवळ ८०७ भरल्या. अश्वपती राजाला व्रताचे फळ म्हणून कन्या मिळाली, ह्या कथेचा सण जेथे दरवर्षी होतो, तेथे कन्येचा जीव इतका स्वस्त व्हावा! पतीच्या आयुष्यासाठी बायका उपाशी राहतात. बायकांच्या आणि लेकींच्या आयुष्यासाठी गावातील पुरुषांनी एक वेळचे जेवण तरी सोडिले आहे काय?

ह्या बाबतीत पूर्वी काही झालेच नाही, असे नव्हे. १८५६ साली हिंदु विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली. आपल्या खेड्यांतील कित्येक जातींत पाट लावण्याची चाल त्यापूर्वीपासून होती; पण पाटाच्या बायकोस लग्नाच्या बायकोचा मान नव्हता. पंडिता रमाबाई स्वतः १८८२ साली विधवा झाल्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडिले व पुढे केडगावी मुक्तीचे मोठे कार्य उभारिले. आणि अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की पती मेल्यावर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे ह्या चाली गावात बंद कराव्या. त्याच महिन्यात राज्यशासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे सुचविले. हेरवाडचा हा ठराव मुख्यत्वे हिंदु गावकऱ्यांनी केला, हे ध्यानात ठेवा. म्हणून 'आम्ही सुधारलेले आणि ते मागासलेले' अशी भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

आता पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारिले की पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. योहानाच्या नवव्या अध्यायात ही गोष्ट आहे. दुःख दिसले की दोषी शोधावयाचा, ही मनुष्याची जुनी खोड. प्रभूने ती तेथल्या तेथे मोडिली आणि दोघांवरचाही आळ काढिला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असाच त्याचा उपदेश होता. नामीची गोष्ट आठवा. पती गेला, दोन मुलगे गेले, तेव्हा तिने स्वतःलाच कडू असे नाव घेतले व देवाचा हात आपल्यावर उठला असे ती म्हणाली. रूथचे पुस्तक तिला दोष देत नाही. ते तिच्या पदरात धान्य घालिते, नातू देते, आणि त्या नातवाच्या वंशात दावीद राजा जन्मतो. नाईन गावी विधवेच्या एकुलत्या मुलाची तिरडी निघाली असता प्रभूने तिच्या पूर्वीच्या व्रतांची चौकशी केली नाही. त्याला कळवळा आला, एवढेच लूकाने लिहिले आहे.

उपासाविषयी यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात परमेश्वर स्पष्ट सांगतो की त्याला आवडणारा उपास म्हणजे जुलमाचे बंध सोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटणे आणि उघड्याला पांघरूण घालणे होय. आणि पतिपत्नींविषयी पौल इफिसकरांस लिहितो, तेथे दुसऱ्यासाठी आपला जीव देण्याची आज्ञा पतीला आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे पतीने पत्नीसाठी द्यावे, असे तेथे मागितले आहे. बंधूंनो, हे वाचून शेजाऱ्याकडे पाहू नका. आपापल्या चुलीकडे पाहा. पत्नी शेवटची जेवते, उरलेसुरले खाते, ताप अंगावर काढिते, आणि पती शुभवर्तमानाचे पुस्तक काखेत मारून प्रार्थनेस जातो, असे घर ह्या आज्ञेपुढे कसे उभे राहील?

कारण खरी गोष्ट अशी की, आपण वडाचा दोरा सोडिला. परंतु त्या दोऱ्याची गाठ पुष्कळांच्या मनात तशीच राहिली. आपल्यातील लग्नात हळद लावावयाची वेळ आली म्हणजे विधवा चुलती, कधी कधी वधूची सख्खी आईसुद्धा, आपण होऊन मागे सरते, आणि तिला कोणी हाताला धरून पुढे आणीत नाही. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्याने सर्व घरांतून धुऊन गेला आहे, असे कोण म्हणेल? मूर्ती सोडणे हे एक दिवसाचे काम. ठपका सोडणे हे आयुष्याचे काम आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतील जी कुरकुर लिहिली आहे ती विधवांच्या रोजच्या भाकरीविषयीची आहे, आणि तिच्यासाठी चांगल्या नावाची सात माणसे नेमावी लागली. ह्यावरून हे काम मंडळीच्या कडेचे नसून मधले आहे, हे उघड होते.

तर मग शेजारणीला उत्तर काय द्यावे? आमच्या मते भगिनींनी नम्रपणे असे सांगावे: "बाई, धन्याची काळजी आम्हांलाही आहे. आम्ही त्याच्यासाठी रोज प्रार्थना करितो, आणि त्यानेही आमच्यासाठी करावी असे आमचे शास्त्र सांगते. पण आमच्या उपासाने तो जगतो, असे आम्ही मानीत नाही. जीवन देवाच्या हाती आहे. म्हणून ज्या बाईचा धनी गेला तिला आम्ही दोषी धरीत नाही." हे शेवटचे वाक्य उच्चारण्याचा अधिकार मात्र आचरणानेच मिळतो. उपदेशकबंधूंनी आपल्या मंडळीत पाहावे, की लग्नाच्या दिवशी विधवेला पहिल्या रांगेत जागा आहे काय. तिच्या जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव लागले आहे काय, आणि नसल्यास तलाठ्याकडे तिच्याबरोबर कोण जातो. निराधारांसाठी सरकारातून मिळणाऱ्या पैशाचा अर्ज तिला कोणी भरून दिला काय. मुकादमाच्या हिशोबाचा कागद तिला कोणी वाचून दाखविला काय. आणि ज्येष्ठी पौर्णिमेच्या दिवशी, आळीतील सर्व बायका वडाकडे गेल्या असता जी एकटी मागे राहते, ती हिंदु असो की ख्रिस्ती, तिच्या दारी आपल्यातील दोघी जणींनी जाऊन बसावे. सोबत भाकर न्यावी. उपदेश करण्याची घाई करू नये. तिला बोलू द्यावे.

सावित्री यमाच्या मागे चालत गेली, ती आपल्या माणसाला एकटे जाऊ द्यावयाचे नाही म्हणून. तिच्या सणाच्या दिवशी गावातील एकही बाई एकटी राहू नये, इतके जरी आपण केले, तरी शेजाऱ्यांच्या प्रश्नाला शब्दांवाचून उत्तर मिळेल, आणि तो उपास परमेश्वराला मानवेल, ह्याविषयी आम्हांस संशय नाही.